सुट्टीतील उमेदवारी आणि सरकारी दप्तर

दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत बसलेला मुलगा किंवा अकरावीतून बारावीत गेलेली मुलगी जेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना विचारते, की पुढे मला कारभारात अथवा राजकारणात काही करावेसे वाटते, तर आत्ता, या सुट्टीत, एखाद्या सरकारी कचेरीत किंवा लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात बसून काम शिकता येईल काय, तेव्हा महाराष्ट्रातील बहुतेक मध्यमवर्गीय घरांत या प्रश्नाचे उत्तर ठरल्यासारखे येते: आधी पदवी पदरात पाडून घे, मग स्पर्धा परीक्षेचे पाहू, आणि राजकारण म्हणशील तर ते आपल्यासारख्यांचे क्षेत्र नव्हे. त्याच घरातील मुलाने सुट्टीत मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसावे किंवा ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात केसपेपर लिहावेत, याला कोणाची हरकत नसते. ज्या शासनसंस्थेशी जन्माच्या दाखल्यापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत आपला संबंध येतो, तिचे अंतरंग पाहण्याचा विचार मात्र आपल्याला अकाली वाटतो. आणि मग पंचविशीत प्रथमच तलाठ्याच्या सज्जात पाय ठेवणारा पदवीधर तेथे भांबावून उभा राहतो, याचे आश्चर्यही आपणच करीत बसतो.

वडीलधाऱ्यांच्या उत्तरात तथ्य मुळीच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. शासनाने आणि संस्थांनी आखलेल्या योजना चाळून पाहिल्या, तर शाळकरी मुलाला त्यांत उभे राहण्यापुरतीही जागा सापडत नाही. मुख्यमंत्री फेलोशिपसाठी २१ ते २६ वर्षे वय, पदवी आणि वर्षभराच्या कामाचा अनुभव अपेक्षित असतो. खासदारांच्या हाताखाली संसदीय संशोधनाची संधी देणारी ‘लॅम्प’ फेलोशिपही पदवीधरांसाठीच आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या सुमारास विधिमंडळाच्या आवारात भरणारा संसदीय अभ्यासवर्ग विद्यापीठांतील राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना उद्देशून असतो. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,००० रुपये विद्यावेतन ठरले खरे, परंतु तिचे दार १८ व्या वर्षी उघडते, आणि त्या प्रशिक्षणार्थींचा ओढा शिकण्यापेक्षा कायम नेमणुकीकडे अधिक आहे, हे त्यांच्या मोर्चांनी पुढे स्पष्टच केले. त्यात त्यांचा दोष नाही. पोटाचा प्रश्न असलेल्या तरुणाला शिक्षणाचे समाधान पुरत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना शाळेबाहेर पाठवून सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्यासारख्या स्थानिक जाणकारांच्या हाताखाली काम शिकू द्यावे, असे सुचवले, आणि व्यवसाय-शिक्षणाची अशी संधी बारावीपर्यंत, सुट्ट्यांतही, उपलब्ध असावी असे म्हटले. ही सूचना उत्तम आहे. पण गावात सुतार आणि कुंभार असतात तसा गावचा कारभार पाहणारा ग्रामसेवकही असतो, ज्याला आता शासनाने ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे भारदस्त नाव दिले आहे, आणि ज्याच्या टेबलावर गावाच्या पाण्याचा, दिव्याचा आणि घरपट्टीचा निर्णय होतो; त्याच्या शेजारी खुर्ची टाकून दहा दिवस बसावे, हे कोणाला सुचले नाही. शाळेत राज्यशास्त्र शिकवले जाते ते दहावीला इतिहासाच्याच प्रश्नपत्रिकेत, त्याच्या मागे फरफटत आलेले, आणि गुणांपुरते.

आपल्याकडे सार्वजनिक कार्याची उमेदवारी ही कल्पना नवी नाही. गोपाळ कृष्ण गोखले पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या सहवासात आले तेव्हा विशीतच होते; पुढची कित्येक वर्षे सरकारी अहवाल वाचणे, आकड्यांची पडताळणी करणे, सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी लिहिणे आणि सरकारकडे पाठवावयाच्या अर्जांचे मसुदे रानड्यांकडून पुनःपुन्हा दुरुस्त करून घेणे, असा त्यांचा क्रम चालला, आणि त्या तालमीचेच फळ असे, की १८९७ साली वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या खर्चाविषयी साक्ष देताना इंग्रज सभासदांच्या उलटतपासणीला ते पुरून उरले. १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात नव्या सभासदाला पाच वर्षे शिकाऊ म्हणून काढावयास लावणारा नियम त्यांनी घातला, तो स्वतःच्याच अनुभवावरून घातला असावा. त्या पिढीने राजकारण भाषणांतून शिकले असे आपण समजतो. वस्तुतः ते शिकले अंदाजपत्रकांतून, महसुली जमाबंदीच्या कागदांतून आणि अर्जांतून.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले सुट्टीत आपल्या भागातील काँग्रेस-सदस्याच्या कार्यालयात काम करून येतात, आणि त्यांच्या इकडच्या मावस-आतेभावंडांना त्याचे कुतूहल वाटते, ते स्वाभाविक आहे. तेथील सिनेटमध्ये तर १६-१७ वर्षांची मुले ‘पेज’ म्हणून सभागृहातच राबतात: पहाटे शाळा, मग सभागृहात विधेयकांच्या प्रती पोहोचवणे, बोलणाऱ्या सिनेटरपुढे पाण्याचा पेला ठेवणे, निरोप नेणे. ही प्रथा १८२९ पासूनची आहे, मुलींना तीत प्रवेश मिळावयास १९७१ साल उजाडावे लागले, आणि प्रतिनिधिगृहाने आपली अशीच योजना २०११ साली खर्चाचे आणि संगणकयुगाचे कारण देऊन गुंडाळली. ही व्यवस्था आकर्षक असली, तरी तिला एक मर्यादा आहे: प्रत्येक मुलामागे कोणीतरी सिनेटर पुरस्कर्ता म्हणून उभा असावा लागतो. ज्याची ओळख मोठी, त्याचे मूल पुढे, हा न्याय आपल्याकडे आणला तर त्याचे काय होईल, हे सांगावयास नको. आपल्याला मुंबईपासून सुरुवात करावयाची नाही. आपण जवळच्या कचेरीपासून करावी, आणि माझे सारे म्हणणे एवढ्यातच आहे.

जवळची कचेरी म्हणजे ग्रामपंचायत. महाराष्ट्रात अशा सुमारे २८ हजार आहेत, आणि दूरच्या मंत्रालयात जे दिसणार नाही ते या दोन-तीन खोल्यांत दिसते. कारभाराचे व्याकरण येथे उघडे पडलेले असते. भिंतीवर सूचनाफलक, त्यावर ग्रामसभेची नोटीस, जी किमान सात दिवस आधी लागावयास हवी आणि पुष्कळदा मागील तारीख घालून लागते. कपाटात नोंदवह्या: घरांची कर आकारणी दाखवणारा नमुना ८, मागणीचा नमुना ९, आणि वर लाल कापडात बांधलेले जुने दप्तर. टेबलावर आवक-जावक बारनिशी. आलेल्या प्रत्येक कागदाला तेथे क्रमांक पडतो, आणि ज्याला क्रमांक पडला नाही तो कागद आलाच नाही असे सरकारदरबारी धरले जाते. सोळा वर्षांच्या मुलीने आठवडाभर ती बारनिशी समोर घेऊन, कोणता अर्ज कोणत्या दिवशी आला, कोणाकडे गेला आणि कोठे थांबला, याचा तक्ता केला, तर राज्यशास्त्राच्या पुस्तकातील ‘प्रशासन’ या प्रकरणापेक्षा तिला अधिक समजेल. एखादा अर्ज पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीचा असतो. तो पंचायत समितीकडे जातो, तेथून अभियंत्याकडे, अभियंत्याकडून ‘अंदाजपत्रकासह सादर करावे’ असा शेरा घेऊन परत ग्रामपंचायतीकडे. आणि या फेऱ्यात पावसाळा येतो व नळाचा प्रश्न आपोआप मिटल्यासारखा दिसतो. यात कोणी दुष्ट नसतो, बहुधा कोणी लाचखोरही नसतो. हे ज्याने कोवळ्या वयात पाहिले, तो पुढे सरकारला सरसकट शिव्या देणार नाही आणि सरसकट क्षमाही करणार नाही.

पंधराव्या वित्त आयोगाने गावांना दिलेल्या अनुदानात ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित आणि ४० टक्के अबंधित होता. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि त्यावरील खर्च ‘ई-ग्रामस्वराज’वर कोणालाही पाहता येतो. आराखड्यात लिहिलेले गटार गावात प्रत्यक्ष आहे की नाही, एवढे एकच काम दोन विद्यार्थ्यांनी वही घेऊन, गल्लीगल्लीत हिंडून केले, तर ते एखाद्या महानगरी संशोधनसंस्थेच्या अहवालाइतकेच मोलाचे ठरेल. मात्र त्यांनी ते आधी सरपंचांना आणि ग्रामसेवकांना दाखवावे, वर्तमानपत्राला नंतर. ज्याच्या घरी शिकावयास गेलो त्याच्या चुका प्रथम त्याच्याच कानी घालाव्यात, हा उमेदवारीचा शिष्टाचार आहे.

ग्रामसभेविषयीही थोडे सांगितले पाहिजे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली ग्रामसभेचे सभासद म्हणजे गावचे मतदार. त्यामुळे शाळकरी मुलाला ठरावावर हात वर करता येत नाही, परंतु मागच्या सतरंजीवर बसून ऐकणाऱ्या मुलाला उठवून लावणारा सरपंच विरळाच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी सभा भरण्याची चाल रूढ आहे. झेंडावंदन होते, मुलांना गोळ्या-बिस्किटे वाटली जातात, मुले घरी जातात आणि मग मोठी माणसे सभेला बसतात. म्हणजे मुले ज्या आवारात उभी होती, तेथेच अर्ध्या तासाने त्यांच्या शाळेच्या भिंतीचा ठराव होतो आणि त्या वेळी एकही मूल तेथे नसते. गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. ती भरत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेत तोच विषय पाच-पंचवीस माणसांत मंजूर होतो. कित्येक गावी तर प्रोसिडिंग बुक शिपायाच्या पिशवीतून घरोघर फिरते आणि अंगणात बसलेला गृहस्थ, कोणता ठराव आहे हे न विचारता, ‘कुठं करायची?’ एवढेच म्हणून सही ठोकतो. गोव्यात रविवारी भरणाऱ्या ग्रामसभा याच्या अगदी उलट. जमिनीच्या रूपांतरावरून तेथे आवाज चढतात, लोक कागद घेऊन येतात आणि सचिवाला इतिवृत्त मोठ्याने वाचावयास लावतात. ज्या मराठी विद्यार्थ्याला शक्य असेल त्याने दोन्ही पाहावे.

शहरात नगरपरिषदेचे मुख्याधिकारी, महापालिकेचे प्रभाग कार्यालय आणि नगरसेवक ही त्याच पायरीवरची ठिकाणे होत. मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात वयात आलेल्या मुंबईकर मुलांना नगरसेवक हा प्राणी प्रत्यक्ष पाहावयासच मिळाला नाही. शहरातील मुलाला आणखी एक सोपी जागा आहे, ती म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीत महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरणारा लोकशाही दिन. घरातील कोणाची तक्रार असेल तर तिच्याबरोबर जावे. कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेल्या माणसांच्या हातांतील प्लास्टिकच्या पिशव्यांत किती वर्षांचे कागद असतात, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.

राजकारणाच्या बाजूने शिकावयाचे असेल तर आमदारांचे जनसंपर्क कार्यालय. सकाळी नऊच्या सुमारास तेथे गेलेला माणूस पाहतो की कोणी रुग्णालयाच्या बिलात सवलतीसाठी पत्र मागतो आहे, कोणी जळालेल्या डीपीसाठी महावितरणला फोन करा म्हणतो आहे, कोणाला मुलाच्या प्रवेशासाठी शिफारस हवी आहे, आणि कोपऱ्यात एक म्हातारी काही न मागता नुसती बसली आहे. स्वीय सहायक एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने पत्रे टंकलेखनाला देतो. महिन्याभराच्या अर्जांची विषयवार वर्गवारी करून देण्याचे काम एखाद्या विद्यार्थ्याने पत्करले, तर त्या मतदारसंघाचे खरे दुखणे कोणते हे आमदारांनाही प्रथमच कळण्याचा संभव आहे. दुसरे काम अभ्यासाचे: तारांकित प्रश्न कसा लिहितात, लक्षवेधी सूचना आणि औचित्याचा मुद्दा यांत भेद काय, उत्तरात मंत्री ‘हे खरे आहे काय’ याला ‘अंशतः खरे आहे’ असे म्हणतात तेव्हा त्यातील कोणता अंश वगळलेला असतो, हे मागील अधिवेशनाचे कामकाज वाचून टिपून ठेवावे.

येथे एक लक्ष्मणरेषा आहे, आणि ती पालकांनी नीट समजून घ्यावी. निवडणूक आयोगाने ५ फेब्रुवारी २०२४ रोजी पक्षांना स्पष्ट बजावले, की प्रचारात मुलांचा कोणत्याही प्रकारे उपयोग करू नये. पत्रके वाटणे, घोषणा देणे, मिरवणुकीत चालणे, हे सर्व त्यात आले. तेव्हा निवडणुकीच्या मोसमात अठरा वर्षांखालील मुलाने कोणत्याही पक्षाच्या कार्यालयाची पायरी चढू नये; एरवीही गळ्यात उपरणे घालून छायाचित्र काढून घेण्याचा मोह आवरावा. जे नेते आपल्या सभेला गर्दी दिसावी म्हणून शाळांची मुले उन्हात बसवतात, तेच ‘मुलांनी राजकारणात पडू नये’ असे भाषणही त्याच सभेत करतात. त्यांच्याकडून शिकण्यासारखे फार नाही. कार्यालय निवडताना पक्षापेक्षा माणूस पाहावा, आणि शक्य झाल्यास एका सुट्टीत एका पक्षाचा तर दुसऱ्या सुट्टीत विरुद्ध पक्षाचा लोकप्रतिनिधी निवडावा. चुलते रागावतील, रागावोत.

आता अर्जाचे. तोंडी विचारणे व्यर्थ आहे, कारण तोंडी विनंतीला कचेरीत तोंडीच नकार मिळतो. मुख्याध्यापकांचे शिफारसपत्र आणि पालकांचे संमतिपत्र जोडून, साध्या मराठीत, एका पानात अर्ज लिहावा: मी अमुक इयत्तेत शिकते, अमुक तारखेपासून दहा दिवस, सकाळी अमुक ते अमुक वेळ, आपल्या कार्यालयात बसून नोंदी कशा ठेवतात ते शिकू इच्छिते, मानधनाची अपेक्षा नाही, शेवटी चार पानांचा अहवाल सादर करीन. दोन प्रती न्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊन पोच घरी आणावी. ही पोच मागताना समोरच्या कारकुनाच्या कपाळावर जी आठी पडते, तेथून शिक्षण सुरू होते. उत्तर आले नाही तर पंधरा दिवसांनी, नम्रपणे, स्मरणपत्र. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा नागरिकाला वय विचारीत नाही. दहा रुपयांत अर्ज होतो, कारण सांगावे लागत नाही आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. पण जेथे शिकावयाचे तेथेच पहिल्या दिवशी हे शस्त्र उपसणे अविचाराचे होईल. शाळेत निवडणूक साक्षरता मंडळ असेल तर त्याच्या नावाने अर्ज केलेला बरा. एकट्या मुलापेक्षा मंडळाला कचेरी लवकर बसावयास खुर्ची देते.

मुलींच्या बाबतीत, आणि खरे म्हणजे मुलांच्याही, दोघांनी मिळून जावे, उघड्या दाराच्या खोलीत आणि कार्यालयीन वेळेतच बसावे, आणि शाळेतील एका शिक्षिकेने मधून फेरी मारावी. आधार कार्डांच्या प्रती, आजारपणाचे कागद, कौटुंबिक तंट्याचे अर्ज यांना विद्यार्थ्याचा हात लागू नये. वर्गमित्रांच्या गटात ‘आज कोणाच्या बापाचा अर्ज आला’ हे सांगणारा उमेदवार दुसऱ्या दिवशी घरी बसवावा.

अडचण खरी आहे ती गरीब मुलाची. मे महिन्यात जो बापाबरोबर रोजगाराला जातो किंवा ऊसतोडीहून परतलेल्या घराची डागडुजी करतो, त्याला बिनपगारी दहा दिवसही परवडत नाहीत, आणि मग ही उमेदवारी पुन्हा सुखवस्तूंच्या पोरांची होऊन बसते. म्हणूनच ती गावातच, चालत जाण्याच्या अंतरावर आणि अर्ध्या दिवसाची असावी, आणि दुपारच्या जेवणाची सोय ग्रामपंचायतीने स्वनिधीतून करावी. तो खर्च सरपंचांच्या सत्काराच्या हारांपेक्षा जास्त होणार नाही.

प्रत्येक ग्रामपंचायतीने सुट्टीत केवळ दोन विद्यार्थी घेतले, तरी राज्यात वर्षाला पन्नास हजारांहून अधिक मुलांनी गावचे दप्तर उघडून पाहिलेले असेल, आणि त्यांतील जी सतरा वर्षांची झाली असतील ती मतदार यादीसाठी आगाऊ अर्ज भरूनच घरी जाऊ शकतील. जिल्हा परिषदेकडे शाळाही आहेत आणि ग्रामपंचायतींवर देखरेखही आहे. शिक्षणाधिकारी आणि पंचायत विभागाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी एकाच इमारतीत बसतात. मंत्रालयातून आदेश येण्याची वाट न पाहता कोणत्याही जिल्ह्याच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला हे आपल्या सहीच्या परिपत्रकाने सुरू करता येईल. ते परिपत्रक एप्रिल संपण्यापूर्वी निघावे, आणि मुख्याध्यापकांनी त्याची वाटही न पाहता या महिन्यातच सरपंचांना पत्र धाडावे.